दासी, पहिली

एकतीस वर्षं मी रंगमंचाच्या पोटात बसले,
गुडघ्यांवर संहिता, डोकं फळीबाहेर कासवासारखं.
कुतैसीच्या थिएटरात माझा आवाज सगळ्यांना ठाऊक होता,
म्हणजे ज्यांना तो ऐकू जायला हवा, त्यांनाच.
आता मी शाळेच्या ग्रंथालयात शिक्के मारते.

तेक्ले, वय पंधरा, नखांना हिरवा रंग,
जाडजूड कादंबरी परत करायला येते, नऊ दिवस उशिरा.
"तुम्ही वाचलीत?"
मी म्हणते, जिच्यावरून ही बेतली ते नाटक मला तोंडपाठ आहे,
पाचही अंक, स्वल्पविरामांसकट.
"मग तिचं नाव सांगा."
"कुणाचं?"
"दिवा घेऊन येते तिचं."

पात्रांच्या यादीत ती सगळ्यांत खाली.
जमीनदार, त्याची विधवा सून, सुनेवर डोळा ठेवून असलेले दोघे,
पाद्री, वैद्य, एक बहिरा वाणी,
मग: दासी, पहिली.
दुसरी दासी नाटकात कुठेच येत नाही.
नाटककार विसरला असावा, किंवा तिला रजा दिली असावी.
तिसऱ्या अंकात ही येते, दिवा मेजावर ठेवते,
"गाडी आली" म्हणते, जाते.
दोन शब्द. तेवढ्यासाठी कुणी प्रॉम्प्टर ठेवत नाही.

कादंबरीत मात्र तिला चारशे पानं दिलीत.
नाव आहे, खोकणारा भाऊ आहे,
मालकाच्या पोराच्या पाटीवरून चोरलेली अक्षरं आहेत,
आणि गाडीत कोण बसलंय हे अख्ख्या घरात
फक्त तिलाच माहीत आहे.
पोरासोरांसाठी लिहिलेलं, मी नाक मुरडलं.
"अभिजात" हा शब्दही वापरला,
फडकं झटकावं तसा.
तेक्लेनं खांदे उडवले, दोन लारी दंड भरला
आणि पुस्तक माझ्याच पुढ्यात ठेवून गेली.

रात्री चहा निवून गेला.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात शहरात वीज नव्हती.
लोक ओव्हरकोटात बसायचे,
तिकिटाऐवजी कुणी शेगडीसाठी ओंडका आणायचं.
तिसरा अंक आम्ही काळोखातच सुरू करायचो
आणि त्सिउरी आत यायची, हातात खराखुरा रॉकेलचा दिवा.
ती यायची तेव्हा जमीनदाराला नाक मिळायचं, सुनेला डोळे.
टाळ्या त्यांना.

एकदा तिनं दिवा ठेवलाच नाही.
उभी राहिली, थेट माझ्याकडे, खाली, बघत.
मी कुजबुजले: गाडी आली.
पुन्हा: गाडी आली.
तिला येत होतं. ऐकूही येत होतं.
त्या थंडीत सून घामाघूम.
तीन श्वास, चार,
मग बोलली, आणि कोपऱ्यातला वाणीसुद्धा वळून बघायला लागला
खरंच काही आलंय का म्हणून.
मी वहीत नोंद केली: त्सिउरी अडखळली.

पुढच्या महिन्यात ती सलोनिकाला गेली,
कुणा म्हातारीचं हगणंमुतणं काढायला.
एक कार्ड आलं होतं:
बाई बरी आहे, पण मला हाक मारते
माझ्या आधी होती तिच्या नावानं.
उत्तर लिहायचं राहिलं.

पान दोनशे अकरा.
दासी दारात, दिवा हातात,
खाली घोडे फुरफुरतायत,
आणि ती बोलत नाही.
लिहिणारी पंचविशीतली पोरगी असेल,
आमचं थिएटर तिनं बाहेरूनही पाहिलं नसेल,
ते चार श्वास ती दोन पानं लिहिते.
माझे ओठ हललेच, सवयच ती.
पण पुढचं वाक्य मला येत नव्हतं.

सकाळी दंडाचे दोन लारी तेक्लेच्या हातावर ठेवले.
नियमात बसत नाही.
"संपवलीत?"
"दोनशे अकरा."
"अय्या, मग तुम्हाला माहीतच नाही की..."
ती टेबलावर झुकली, आवाज अगदी खाली आणला,
इतका नेमका, की मानेवर काटा आला.
"नको," मी म्हणाले. "कुजबुजू नकोस."