अठरावी जागा

रात्री दोनची फेरी:
झोपलेला, झोपलेला, जागा, झोपलेला.
हेच मग रजिस्टरात, हेच केसपेपरवर,
हेच हँडओव्हरच्या वहीत,
आणि गेल्या दिवाळीपासून हेच पुन्हा संगणकात.
पेपरलेस होणार म्हणाले होते.
वही काही गेली नाही,
तिला फक्त सवत आली.

नऊ नंबरच्या खाटेवर पुंजाजी गांगुर्डे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं नोटा मोजल्या,
आता चादरीच्या चुण्या मोजतात, अंगठा ओला करून.
शंभर झाले की खाटेच्या दांडीवर टकटक,
कुणीतरी पट्टी लावावी म्हणून.
मी पाठमोरी.
'रुग्णाशी संवाद साधला' यावर टिक करत असायचे.

द्राक्षांच्या हंगामात सातपूरहून एक मुलगी आली,
यामिनी अहिरराव. शिकवायला लागली नाही लगेच,
दोन रात्री स्टुलावर बसून नुसतं बघितलं.
एकच रक्तदाब सहा ठिकाणी.
हे कोण वाचतं, तिनं विचारलं.
म्हटलं, कुणीच नाही,
पण नसलं की सगळे विचारतात.
हसली नाही. लिहून घेतलं.

एप्रिलअखेर सहाचं एक झालं.
फेरीची नोंद खाटेपाशीच, उभ्या उभ्या.
सर्व्हर अजून बसतो मधूनच,
मग जुनी वही कपाटातून निघते, जरा तोऱ्यातच.

एक भांडण मात्र मी केलं.
वागणुकीच्या यादीत सतरा शब्द:
शांत, अस्वस्थ, आक्रमक, असंबद्ध...
बोट ठेवायचं, पुढे जायचं.
म्हटलं, अठरावी जागा रिकामी ठेव गं,
आणि रुंद ठेव.
ती म्हणाली, सिस्टर, रिकाम्या जागेचा रिपोर्ट निघत नाही.
म्हटलं, नको निघू दे.

काल रात्री चाळीस मिनिटं उरली.
चाळीस!
काय करावं सुचेना, आधी नखं कापली.
मग स्टूल ओढून नऊ नंबरपाशी बसले.
शंभर झाले. टकटक.
जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानाची पट्टी फाडली,
चादरीच्या घडीवर आडवी ठेवली.
पुंजाजींनी कडेवरून बोट फिरवलं.
"एक कमी आहे," म्हणाले, "पण जाऊ दे,"
आणि कुशीवर वळले.

अठराव्या जागेत मी टाइप केलं:
बंडल बांधलं. दोन पन्नासला झोपले.

सकाळी डॉक्टर स्क्रीनवर वाकून म्हणाले,
कसलं बंडल, सिस्टर?
मी स्टूल पुढे सरकवलं.