त्रेसष्ट

वाइकेची दोन भिंगं. एकमेकांच्या नात्यातली नाहीत.
एक एन्लार्जरचं, बोटभर,
विलियांदीच्या स्टुडिओत तीस वर्षं लाल दिव्याखाली
पासपोर्टचे चेहरे मोठे करत राहिलेलं:
कपाळ, कान, उसना टाय, न हसलेले ओठ.
दुसरं लांब नळीचं, जर्मन बनावटीचं,
एंडेलचं.

एंडेल म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा.
त्याचं आणि वाइकेचं सोळा वर्षं वाकडं,
एका बोटीवरून.
बोटही तशी गळकीच होती.
तो गेला, वर्षानं बहिणीकडून खोकं आलं,
चिठ्ठी नाही,
नुसता एक लोकरी पायमोजा, आणि त्यात हे
झोपलेल्या मांजराच्या पिल्लासारखं.

आटे जुळेनात. जुळणार कसे?
मग काकडीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण
तिनं मधोमध कापलं, कानशीनं घासलं,
वरून सायकलवाल्याकडची काळी टेप.
दमट हवेत त्याला अजून शेपूचा वास येतो.
एंडेलचं कॅमेऱ्याला सरळ,
त्याच्यापुढे तिचं उलटं,
तोंडाला तोंड.
तीन आणि सहा पाठ फिरवून बसले की छत्तीस,
जागा बदलल्या की त्रेसष्ट.
आकडे तेच.

मुलगा म्हणतो, नवं घेऊ, हप्त्यानं.
ती म्हणते, नव्याला माझं काय पडलंय?

जूनमधली पहाट, चार वाजलेत.
रात्र अशी झालीच नव्हती.
दलदलीवरच्या फळ्या पावलागणिक चपचपतात,
दोन्ही हातांना पाइनची झाडं,
वयानं वाइकेएवढी, उंचीनं तिच्या कमरेएवढी.
शेवाळात दवबिंदूच्या लाल पानावर
एक चिलट रात्रीपासून चिकटलेलं,
एक पाय अजून हलतोय.
ती त्याचा फोटो काढत नाही.

पलीकडे गवताच्या दांड्याला टाचणी.
पंख मिटलेले, अंगभर दव,
उन्हाची वाट बघत गारठून बसलेली.

वाइके गुडघ्यांवर. मग कोपरांवर. पाणी बाहीत शिरतं.
या जोडगोळीत रिंग फिरवून काही होत नाही,
ऐंशी किलोचा देहच पुढे न्यायचा
केसाएवढा,
आणि श्वास घेतला की तो केस हुकतो.
आधी नुसता निळा. निळ्यात राखाडी.
विहिरीच्या तळाशी दिसावं तसं गोल,
चारी कोपरे काळे.
मग त्या गोलात एकदम
डोळा.

टाचणी दांड्यामागे सरकली.
दोन्ही बाजूंनी एकेक डोळा बाहेर,
मधे हिरवी रेघ.
समोरून, सरळ, दोन्ही बाजू सारख्या.
वाइकेच्या तोंडून आपसूक निघालं,
"हनुवटी खाली."
तीस वर्षांची सवय.
टाचणीनं पुढचा पाय उचलला
आणि डोळ्यावरचं दव पुसलं,
परीक्षेला बसण्याआधी मुलं चष्मा पुसतात तसं.

ऊन आलं ते तिरकं, थेट काचेत.
एंडेलच्या भिंगात बुरशी आहे,
त्याच्या तळघरातली, कोळ्याच्या जाळ्यासारखी,
वाइकेनं ती कधी साफ केली नाही.
करता येत नाही असं नाही.
उन्हात ती बुरशी दुधासारखी पसरते:
टाचणीचा उजवा डोळा, त्यातला एकेक कण मोजून घ्या,
डावा धुक्यात गेला.

अकरा फोटो. बारावा घ्यायच्या आत दांडा रिकामा.
उठताना गुडघा वाजला,
दूर कुठेतरी क्रौंच ओरडला,
दोघांपैकी आधी कोण ते सांगता येणार नाही.

शनिवारी तिनं बहिणीला पाकीट पाठवलं.
आत टाचणी, पासपोर्टच्या मापाची,
एका कागदावर चार प्रती,
कापायच्या रेघांसकट.
चिठ्ठी नाही.

पायमोजा मात्र तिनं ठेवून घेतला.