राखण

सप्टेंबरात डॉक्टर हेत्तानं माझे हात
उलटेपालटे करून पाहिले,
जसे मी पस्तीस वर्षं मासे पाहिले:
आधी बाजू, मग कल्ले, मग पोट.
नखांवर ती थांबली.
शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे
बारीक खळगे, दहांपैकी सातांवर.
"हे कधीपासून, आस्लाउग?"
मला वाटलं होतं थंडीनं असेल.
वार्डोत सगळंच थंडीनं होतं.

कोपरांवरचा सोरायसिस मात्र ओळखीचा,
सोळाव्या वर्षापासूनचा भाडेकरू.
त्याच्यापायी मी काळा स्वेटर कधी घेतला नाही,
नाचायला बोलावलं तर म्हटलं पाय मुरगळलाय.
मासे कापायच्या कारखान्यात तेवढं बरं होतं.
तिथे सगळ्यांच्याच अंगावर खवले,
माझे कुठले, माशाचे कुठले,
कोण निवडत बसणार?

डॉक्टरनं कागद ओढला.
मधोमध एक गोल. "ही तुझी कातडी."
मग आणखी गोल, रेघांनी जोडलेले:
सांधे. आतडी. डोळे. गळ्यातली ग्रंथी.
"सगळे येतीलच असं नाही.
पण ही सोयरी मंडळी आहेत,
एकमेकांच्या घरचा रस्ता त्यांना ठाऊक असतो.
घरात अजून कुणाला काही?"

मी बोटं मोजू लागले, ती सुजलेलीच बोटं.
भाऊ एलिफ, आतड्याला क्रोन,
बोटीनं बंदरापासून दोन तासांपलीकडे कधी गेला नाही.
आम्ही त्याला किनाऱ्याचा खलाशी म्हणायचो.
हसायचो.
उन्नीमावशी, ओठांभोवती, मानेवर कोड,
आयुष्यभर गळ्याशी रुमाल.
आई, थायरॉइड, जूनमध्येही दोन-दोन मोजे.
प्रत्येकाची बाटली वेगळी, प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा.
चार दुखणी एका टेबलाशी
बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत,
आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही.

परतीच्या छोट्या विमानात शेजारचा माणूस म्हणाला,
त्याच्या बायकोलाही तसंच काहीसं,
शरीर स्वतःवरच उलटतं म्हणे,
कुंपणानंच शेत खाल्लं.
मी मान हलवली.
पण मनात त्रिग आला.

त्रिग म्हणजे निर्धास्त. वडिलांनी ठेवलेलं नाव.
मासे वाळवायच्या मांडवाखाली बारा वर्षं
त्यानं मिंक, मांजर, परका माणूस,
कोणाला फिरकू दिलं नाही.
मग त्याच्या डोळ्यांत दूध उतरलं.
आधी तो उन्नीमावशीच्या झग्याला चावला,
मग एलिफच्या पोटरीला,
आणि मार्चमध्ये, मी ताटली घेऊन गेले तेव्हा,
माझ्या मनगटाला.
फितूर झाला असं कोणी म्हटलं नाही.
तो राखणच करत होता,
पूर्वीपेक्षा जोरात,
फक्त आपलं कोण, एवढंच हुकत होतं.
वडील बंदूक घेऊन दारात उभे राहिले,
बराच वेळ.
मग आत आले. साखळी आखूड केली.

आता माझ्याही साखळीची तारीख असते:
दर पंधरवड्याला एक सुई मांडीत,
फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवलेली.
एलिफचीही तीच. त्याचं पोट, माझे सांधे,
औषध एकच, त्याच निळ्या डबीतलं.
"घेतलीस?"
"घेतली."
इतकं बोलणं आमच्यात
याआधी फक्त वाऱ्यावर झालं.

जानेवारीत सूर्य परतला, दुपारी, घटकाभर.
शाळा सुटली, एलिफची नात तिरिल
पाव खायला माझ्याकडे आली.
हात धुताना तिनं डावी बाही वर केलीच नाही,
ओली होऊ दिली.
ते ओली होऊ देणं मला कळतं.
मी काही बोलले नाही.
माझ्या दोन्ही बाह्या वर केल्या,
पाव कापला.
ती बघत राहिली. मग विचारलं, "दुखतं?"
"खाजतं," म्हटलं. "दुखतं ते दुसरीकडे.
तो कागद आण, पेन्सिल आण.
मधोमध एक गोल काढ."