थर सातवा

बुटीबोरीच्या अलीकडे रेल्वेपुलाचा भराव.
मे महिना. साडेनऊलाच पत्र्याच्या लॅबमधली
लोखंडी पट्टी हातात धरवत नाही.

खाली काळी माती होती. ती आम्ही मीटरभर काढून टाकली.
फेब्रुवारीत मीच तपासलं होतं तिला:
काचेच्या दोन नळ्या, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी,
दोन्हींत दहा-दहा ग्रॅम भुकटी.
रॉकेलमध्ये ती गप्प बसली.
पाण्यात सकाळपर्यंत दीडपट.
पाणी दिसलं की जिला राहवत नाही
तिच्यावर पूल ठेवत नाहीत.

आता मुरूम. थर सातवा.
आठ फेऱ्या मारून झनकलाल उईके
रोलरवरून उतरतो, गमछा झटकतो,
कोणी विचारलं नसताना म्हणतो,
"मॅडम, अजून पोकळ हाये. बुडाले समजते."

मी बुडाला विचारत नाही. मी भोक पाडते.
दहा सेंटिमीटर रुंद, पंधरा खोल,
चमच्याने उकरत, एकही खडा बाहेर न सांडता.
निघालेला मुरूम काट्यावर: दोन किलो दोनशे ऐंशी.
मग भोकात वाळू सोडायची,
कन्हानची, चाळलेली, सुकवलेली,
जिचं वजन आपल्याला आधीच पाठ आहे.
गेलेल्याच्या जागी ओळखीचं काही ओतलं
की गेलेलं किती होतं ते कळतं.
या कामात मला आवडतं ते एवढंच.

ओलावा बघायला चिमूटभर कार्बाइड,
डबा बंद, हलवायचा, काटा चढेपर्यंत.
उघडला की कळमन्याच्या आंब्याच्या वखारीचा वास.
सात टक्के. हवे होते साडेदहा.
टँकर ते रोलर, तेवढ्यात ऊन
आपला वाटा पिऊन जातं.

चौऱ्याण्णव पूर्णांक तीन.
सत्त्याण्णवच्या खाली पास नाही.

पटले साहेब छत्री घेऊन आले.
"तीनच तर टक्के, बाप्पा. त्याच्यावर अजून
चौदा थर यायचेत. खालचा दबूनच जाईल.
लिहून टाका ना."

माझ्याआधी इथे कोण होतं माहीत नाही.
त्याचं रजिस्टर माझ्याच कपाटात आहे.
थर एक, सत्त्याण्णव पूर्णांक एक.
थर दोन, सत्त्याण्णव पूर्णांक एक.
थर तीन, चार, सुंदर अक्षरात,
सत्त्याण्णव पूर्णांक एक.
मुरूम तर दोन खाणींतून आला होता.
माती कधीच इतकी एकमताची नसते.
ते थर आता माझ्या पायाखाली आहेत
आणि मी त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही.

मी लिहिलं, चौऱ्याण्णव पूर्णांक तीन. नापास.
पटले साहेबांनी छत्री मिटली, उन्हातच.
बोलले काहीच नाहीत. फोन लावत गेले.

झनकलालने मात्र टँकरवाल्याला शिट्टी मारली.
ग्रेडरने थर उकरला, पाणी पडलं,
दुपारी तीनपर्यंत, जेवणाचा डबा तसाच ठेवून,
तो पुढे-मागे, पुढे-मागे.
"आता बसली," म्हणाला. "आता बोलत नाय."

दुसरं भोक, पहिल्यापासून पाच पावलांवर.
चमचा वाजला तेव्हाच वाटलं, हो.
वाळू. काटा. डबा. कॅल्क्युलेटर.
शहाण्णव पूर्णांक नऊ.

झनकलाल माझ्या तोंडाकडे बघत होता.
एक दशांश.
वारा काट्याच्या ताटलीवर बसला तरी
एवढा फरक पडतो.
मी वारा थांबेपर्यंत थांबले, पुन्हा वजन केलं.
शहाण्णव पूर्णांक नऊ.

"अजून दोन फेऱ्या," मी म्हटलं.
तो हसला नाही, चिडलाही नाही.
डब्यातली एक पोळी गुंडाळून तोंडात धरली
आणि चढला.

तो फिरत असताना मी माझं भोक बुजवलं.
मुरूम हातानेच भरला, सळईने ठोकला,
वरून चपलेने दाबला.
प्रत्येक थरात एक-दोन असतात अशी,
मीच पाडलेली, मीच भरलेली.
त्यांची घनता
कोणी तपासत नाही.