सतरावी फरशी

माग हलवून खाली शहाबादी बसवायची ठरली.
बसलिंग मिस्त्री होटगी रोडवरून टेम्पो घेऊन आला,
एकेक फरशी ओल्या फडक्यानं पुसत,
टिचकी मारून कान लावत,
भिंतीला टेकवत गेला.
सतरावी वेगळी ठेवली.
"ही परत देतो अक्का. सपाट नाही की ओ."

मी बोट फिरवलं.
बारीक वळ्या, सरळ नाहीत, पण ओळीनं,
सीनेचं पाणी ओसरल्यावर
काठच्या गाळावर उरतात तशा.

"पाणी हाय ते," तो म्हणाला. "वाळलेलं."
आणि तंबाखू मळत बसला.

मग अर्धं कानडीत, अर्धं हातवाऱ्यांनी:
आधी दगड कुजतो.
केगावच्या माळावरचा काळा धोंडा बघा,
ऊन-थंडी खाऊन कांद्यासारखी सालं सोडतो.
सालांचा मुरूम, मुरमाची माती.
मातीला पाय नसतात, ओढा असतो.
जड ते आधी दमतं. गोटे, मग वाळू.
हलकं गढूळ होऊन लांब जातं
आणि जिथं पाण्याला घाई उरत नाही
तिथं गुपचूप खाली बसतं.
वर दुसरं. त्याच्यावर तिसरं. ओझं वाढत जातं.
पाण्यात विरघळलेला चुना सगळं सांधतो.
"माझंच काम. फक्त त्याला कुणी
संध्याकाळपर्यंत उरका म्हणत नाही."

किती दिवस लागले असतील?
त्यानं बोटं मोडायला घेतली, सोडून दिली.
"सोलापूरचा काळा दगड
हिच्यापुढं लेकरू हाय."

रात्री माग थांबला की
दिव्याच्या उजेडात कापसाची पूड तरंगते,
खाली येते. सकाळी मी झाडते.
बावीस वर्षं झाडते आहे.
जे झाडूला सापडलं नाही
ते डॉक्टरांनी मल्लेशमच्या छातीच्या फोटोत
पेनच्या टोकानं दाखवलं. धुरकट, पातळ,
तळाशी.

फरशी परत दिली नाही.
मोरीत बसवून घेतली, नळाखाली.
तांब्या ओतला की पाणी वळ्यांत
क्षणभर अडखळतं,
ओळखीचं कुणी भेटल्यासारखं,
मग पूड, माती, साबण घेऊन
गटाराकडे, नाल्याकडे, सीनेकडे.

मिस्त्रीनं तिचे वीस रुपये कमी लावले.
खोट असलेल्या मालाचे
तेवढेच कमी होतात, म्हणाला.