बिटाचा अर्धा तुकडा

पाच गावं, अकरा माणसं, एक खोकणारी डाचिया गाडी :
एवढाच माझा कळप.
महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मी येतो
ट्रान्सिल्व्हेनियातल्या या चढावर,
जिथं चर्चला किल्ल्याची तटबंदी आहे
आणि तटबंदीला राखायला आता काहीच नाही.
नव्वदच्या उन्हाळ्यात सगळे जर्मनीला गेले,
पेटाऱ्यांना दोरखंड बांधून,
कुत्री शेजारच्या रोमानियन घरांत सोपवून.

उरला मिश टोन्च, चर्चचा राखणदार.
मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी देतो.
ज्यांची नातवंडं पत्रही पाठवत नाहीत
त्यांच्या कबरींवरचं गवत कापतो.
ज्या बुरुजात पूर्वी घरोघरचं डुकराचं खारवलेलं मांस टांगलेलं असे
तिथल्या रिकाम्या आकड्यांना अजून तेल लावतो.
कुणासाठी, विचारलं तर खांदे उडवतो.

प्रार्थना मात्र नाही.
प्रभुभोजनाला बाकीचे वेदीपाशी येतात,
तो शेवटच्या बाकावर, टोपी मांडीवर.
दोनबासच्या खाणीतून परतल्यापासून असाच,
असं माझ्या आधीच्या पाद्र्यानं वहीत लिहून ठेवलंय.

आणि घरी आग्नेथा.
संधिवातानं बोटं मुळ्यांसारखी पिळवटलेली.
सहा वर्षांत तिनं कुणाला पाण्याचा पेला दिलेला नाही,
स्वतःलासुद्धा नाही.
पण देव तिला खिडकीतल्या डोंगरासारखा :
आहे की. जाणार कुठं?

त्या रविवारी मी उपदेश केला,
तारण कमावता येत नाही,
ते रिकाम्या हातांनी घ्यायचं असतं.
वाक्य मला आवडलं होतं. दोनदा म्हटलं.

नंतर मिश दाराशी आला, हातात वीतभर लांब किल्ली.
"पाद्रीबाबा, फुकटाचं मी कधी घेतलं नाही.
मला पचत नाही."
मी समजावलं : आधी झाड, मग फळ;
कर्म म्हणजे भाडं नव्हे, ते आभार.
विकत न घ्यायच्या घोड्याची किंमत ऐकावी
तसं त्यानं ऐकलं,
आणि म्हणाला, सूप निवतंय, चला.

तो तिला भरवत होता.
घास, हनुवटी पुसणं, घास.
"बिटाचं सांग त्यांना," आग्नेथा म्हणाली.
"नाही."
मग तिनंच सांगितलं.

सत्रा वर्षांचा होता. खाणीवरून परतणारी रांग.
जळक्या घराच्या कुंपणाशी एक बाई;
घर कुणी जाळलं ते वेगळं सांगायला नको,
मिशची भाषा बोलणाऱ्यांनीच.
तिनं त्याच्या हातात काही ठेवलं.
उकडलेलं बीट, अर्धं, गरम.
बोलली नाही. हसलीही नाही.

"पैसे दिलेस तिला?"
"कुठले पैसे?"
"लाकडं फोडून दिलीस?"
"रांग पुढे गेली ना."
"म्हणजे फुकट खाल्लंस."

चमचा हवेतच राहिला.
"आणि पचलं," ती म्हणाली. "म्हणून तर बसलायस इथं
मला छळायला."

"ते कर्ज आहे," मिश म्हणाला, उशिरानं. "फेडतोय."
"कुणाला? त्या गवताला?"
ती इतकी हसली की सूप उशीवर सांडलं,
आणि त्यानं तेही पुसलं,
न रागावता, न हसता,
कोपऱ्यापर्यंत नीट.

मी बोललो नाही.
सेमिनरीत पाच वर्षं या प्रश्नावर भांडलो होतो,
उत्तरपत्रिकेत चांगले गुणही मिळाले होते.

निघताना गाडी ओढ्याच्या उतारावर रुतली.
तो मागं आला, फावडं घेऊन, न बोलावता.
चाकाखाली फांद्या सारल्या, खांदा लावला,
चिखल त्याच्या रविवारच्या कोटावर उडाला.
मी काच खाली केली, खिशात हात घातला,
त्याचा चेहरा पाहिला,
आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"आभारी आहे," मी म्हटलं.
किती अवघड गेलं ते.
आरशात तो लहान होत गेला, एक हात वर केलेला,
निरोपाला, की नुसतंच 'चला, थांबू नका' म्हणून,
ते मला वळणापर्यंत कळलं नाही.