दोन होड्यांमधलं पाणी

सकाळी धक्क्यावर मी आधी पट्टे तपासतो.
दोन होड्या, चार आडवे वासे,
प्रत्येक गाठीला एक हिसका.
फिनबारची आई विचारते, उलटणार नाही ना?
दर शनिवारी विचारते.
मी एका कडेवर सगळं वजन टाकून उभा राहतो.
अर्न सरोवर जरासं दबतं, परत वर येतं,
गाय पाठीवरची माशी हलवते
तेवढंच.

पहिली चढते डिम्फ्ना. तिला दिसत नाही
आणि कुणी हात धरलेला खपत नाही.
पुढची जागा तिची. पुढच्याने ताल द्यायचा,
मागच्यांनी त्याच्या खांद्यांकडे बघायचं,
पुढच्याने कुणाकडेच बघायचं नसतं.
"माझ्यासाठीच केलीय ही जागा," ती म्हणते.

मग कॉनल. त्याची व्हीलचेअर धक्क्यावरच राहते,
ब्रेक लावून, अंगावर प्लास्टिकचा कागद.
फळीवरून घसरत तो आत येतो
शिव्या देत: दोन मला, एक फळीला,
उरलेल्या पायांना, जे ऐकत नाहीत.

ऑनोरा चौऱ्याऐंशीची. मांडीत थर्मास.
वल्हं हातात घेणार नाही म्हणते
आणि सगळ्यांना वल्हवायला शिकवते.
बाकी सहा जण, नवीन, हिरव्या जॅकेटात गुदमरलेले.
आणि फिनबार. अकरा वर्षांचा.
बोलत नाही. वल्हं दिलं की ठेवून देतो.
तो मधल्या फळ्यांवर पालथा पडतो
आणि दोन होड्यांच्या मधल्या
हातभर रुंद पाण्यात बघत राहतो.

बेटापर्यंत बरं चाललं.
राखी बगळा लव्हाळ्यातून उठला,
कॉनलने त्यालाही एक शिवी दिली, प्रेमाने.
बेटाची आड संपली आणि पश्चिमेचा वारा
सरळ तोंडावर.
डिम्फ्नाचे आकडे वाऱ्याने नेले.
आठ वल्ही, आठ मतं.
होडी उलटत नव्हती, खरंच नव्हती,
पण पुढेही जात नव्हती.
ज्या बाभळीएवढ्या खुंटापाशी होतो
त्याच खुंटापाशी होतो.

तेव्हा ठक.
मग थोडं थांबून, ठक.
फिनबारची बोटं वाशावर.
मधल्या पाण्याची थाप दोन्ही कुशींना बसत होती,
आणि प्रत्येक थापेनंतर त्याचं एक ठक.
नीट सांगतो, तो आमच्यासाठी वाजवत नव्हता.
आम्ही तिथे आहोत
हेही त्याच्या ध्यानात होतं की नाही, कोण जाणे.
पण लाकडातून आवाज पुढे गेला,
डिम्फ्नाच्या बैठकीत शिरला.
तिने मान तिरकी केली.
मोजणं सोडलं. वल्हं टाकलं.
मग कॉनलने. मग एकेकाने, अडखळत.
खुंट मागे सरकला.

मध्येच तो थांबला, बहुतेक मासा दिसला.
आम्हीही थांबलो. वाहत गेलो थोडं मागे,
ऑनोराने तेवढ्यात चहा ओतला.
चहा कोमट होता आणि कुणी तक्रार केली नाही.
मग पुन्हा ठक.

धक्क्यावर आई उभी होती
आणि तिने काहीच विचारलं नाही,
फक्त त्याच्या ओल्या बाह्या पिळल्या.

सगळे गेले की मी पट्टे सोडतो.
एकेक होडी वेगळी होते, हलकी,
एका माणसाच्या खोकल्याने कलंडेल अशी.
माझा भाऊ अशाच एका होडीतून जायचा, एकटा,
एप्रिलात, पाणी अजून बर्फाच्या आठवणीत असताना.
मी गाठींना हिसका का देतो
ते ऑनोराला ठाऊक आहे.
त्या रात्री दवाखान्यात तीच ड्यूटीवर होती.
आम्ही त्यावर कधी बोललो नाही.
ती थर्मास विसरून जाते माझ्याकडे,
दर शनिवारी,
आणि मी तो धुऊन ठेवतो.

होड्या फळीवर पालथ्या.
मधे हातभर अंतर, आता कोरडं.
मी वाशावर बोटाने एकदा वाजवून बघितलं.
तसा आवाज आला नाही.